साखर पेठेतल्या टेलर काकांना

काका, नमस्कार.

तुमच्याकडं साधा फोन आहे, पण तुमची नात हे वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. त्या दिवशी दुकानात मला बोलताच आलं नाही. पैसे दिले, येते म्हटलं आणि गाडी चालवत सात रस्ता चौकापर्यंत रडत आले.

आमच्या अज्जाची, म्हणजे आजोबांची, बाराबंदी तुमच्याकडं आणली होती मी. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर, बारा बंदांनी बांधायचा तो पांढरा अंगरखा, जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे सगळे घालतात तो. सात नंदीध्वज असतात, त्यातल्या एकाला अज्जाचा हात असायचा. हिरेहब्बू वाड्यापासून निघायचं, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. आमच्या घरात वर्ष जानेवारीपासून जानेवारीपर्यंत मोजायचे. अज्जा गेले आणि बाराबंदी ट्रंकेत गेली, त्यांच्याच धोतरात गुंडाळून, डांबर गोळ्या टाकून. बाळीवेशीतलं घर विकलं तेव्हा भांडी कोणाला, पितळी समई कोणाला यावर चार दिवस बोलणं झालं, बाराबंदी मात्र कोणी मागितली नाही म्हणून मी घेतली.

मला ती भिंतीवर लावायची होती. हल्ली लोक आज्जीची नऊवारी, टोपडं-झबलं असं काय काय फ्रेम करून घेतात ना, छान दिसतं, पण मला छान दिसण्यासाठी नको होतं, रोज येता-जाता दिसावं एवढंच. पप्पांना पटलं नव्हतं. देवाच्या कामाचे कपडे भिंतीला कशाला, शोभेची वस्तू आहे का ती, असं एकदाच बोलले आणि मग गप्प.

तुमच्याआधी मी जिथं दिली त्या दुकानाचं नाव घेत नाही. मोठं दुकान, एसी, फ्रेमचे शंभर नमुने. त्यांनी आधी सांगितलं की ब्लीच मारून आणा, पिवळी पडलीय. मी नको म्हटलं. आठ दिवसांनी घ्यायला गेले तर गळ्याच्या पट्टीला ग्लू लावून ती फोमवर चिकटवलेली, बाह्या आत दुमडलेल्या, आणि दोन बंद गायब. विचारलं तर म्हणे लोंबत होते, फिनिशिंगला बरं दिसत नव्हतं, कापले. कुठायत ते, म्हटलं. कचऱ्यात. असं सहज, जसा नखाचा तुकडा. ज्या गावची चादर देशभर लोक अंगावर घेतात, 1877 मध्ये जिथं मिल उभी राहिली, पूर्व भागात अजून घराघरातून मागाचा आवाज येतो, त्या गावात कापडाला ग्लू लावतात काका? मी तशीच उचलून आणली. पप्पा बोलले नाहीत काही. नुसतं बंद मोजले, एकदा, परत एकदा. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला. नंतर एका ड्रायक्लीनरला दाखवली, तो म्हणाला एवढ्यासाठी कशाला धडपडता, नवीन शिवून मिळते की.

मग कोणीतरी तुमचं सांगितलं, जुनी साडी असो की शालू, हाताने रफू करून देतात म्हणून.

तुम्ही आधी साबणाने हात धुवून आलात. अंगठी काढून खिशात टाकली. बाराबंदी टेबलावर पसरली, बोटात कापड धरून बघितलं आणि म्हणालात, हे मिलचं कापड आहे, हातमागाचं नाही. उजव्या बाहीवरचा पिवळा डाग बघून विचारलंत, तेलाचा आहे का, यात्रेतला? मी हो म्हटल्यावर म्हणालात, मग राहू दे की. तुम्ही तेलुगू बोलणारे, आम्ही घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी, पण यात्रेतलं तेल म्हटलं की सोलापुरात कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. ग्लू पूर्ण निघणार नाही, ओढलं तर कापड फाटेल, हेही तुम्ही तोंडावर सांगितलंत. दोन नवीन बंद लावून देता का, असं मीच विचारलं, तर म्हणालात, गेले ते गेले, दहाच दिसू दे, खोटं कशाला.

पुढचं शिवणं, कापड लावलेली फळी, काच कपड्याला टेकू नये म्हणून सुताराकडून खोल चौकट, ते सगळं तुम्ही केलंत आणि चोख केलंत. पण मी हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच आहे.

शेवटच्या दिवशी सगळं टाचून झालं होतं, फक्त बंद बांधायचे राहिले होते. तुम्ही हात पुढं केलात आणि थांबलात. म्हणालात, अज्जा गाठ कुठल्या बाजूला मारायचे?

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं बघितलं आणि माहीत नव्हतं. पप्पांना फोन लावला, तर ते सांगायला लागले आणि मधेच अडकले, हाताला आठवतंय पण तोंडाने सांगता येईना. तुम्ही म्हणालात, त्यांनाच बोलाव की, मी थांबतो.

एप्रिलची दुपार. पप्पा जुळे सोलापुरातून रिक्षा करून आले. तुम्ही तुमची खुर्ची त्यांना दिलीत आणि बंद उडायला नकोत म्हणून पंखा बंद केलात, आपण तिघं त्या पत्र्याखाली घामाने निथळत होतो. पहिल्या गाठीला पप्पांचा हात थरथरत होता, दुसरीपासून आपोआप चालायला लागला. आतले बंद आधी, मग वरचे, गाठ उजवीकडं. आणि बांधता बांधता म्हणाले, अण्णांना (अज्जांना पप्पा अण्णाच म्हणायचे) घाई असली की मलाच बांधायला लावायचे, मी सात वर्षांचा असेन, माझ्या बोटांनी गाठ घट्ट बसायची म्हणून. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कापलेल्या दोन बंदांच्या जागी त्यांनी नुसतं बोट ठेवलं, क्षणभर, आणि पुढं गेले. तुम्ही तेव्हा मुद्दाम दोरा शोधायला आत गेलात. दोरा टेबलावरच होता काका, मला दिसत होता.

अज्जा दवाखान्यात होते तेव्हाही एक नर्स अशीच भेटली होती. तपासणीसाठी गळ्यातलं इष्टलिंग, आम्ही लिंगायत कायम अंगावर बाळगतो ते, काढायचं होतं, आधीच्या पाळीतला माणूस सरळ दोरा ओढायला निघाला होता. ही थांबली, म्हणाली, आजोबा, तुम्ही काढून देता की मी काढू? अज्जांनी स्वतः काढून पप्पांच्या हातात दिलं. विचारायला कितीसा वेळ लागतो, तरी किती थोडी माणसं विचारतात. विचारून हात लावणारी माणसं मला आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी भेटली, त्यात तुम्ही दोघं.

हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं म्हणून तुम्ही सांगितलंत तसं आतल्या पॅसेजमध्ये लावलीय. पप्पांनी स्वतः खिळ्याची उंची ठरवली, अज्जांच्या खांद्याएवढी. सकाळी पूजा झाली की तिथं जरा वेळ उभे राहतात.

जानेवारीत या. भोगीला बाजरीची भाकरी आणि भज्जी, म्हणजे भोगीची मिसळ भाजी, असते आमच्याकडं, पप्पांनी तुम्हाला बोलवायला सांगितलंय, काकूंना आणि नातीलाही घेऊन या.

तुमची,
बाराबंदीवाली