वास येतोय का?

प्रिय विन्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, शिव्या घाल. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बस. लिहायला बसलो ते आपल्या फोटोग्राफर आप्पांमुळे.

गेले तीन महिने दर रविवारी त्यांच्याकडे जातोय. तू एकदा त्यांच्या तोंडावर 'फोकस जरा सॉफ्ट वाटतो' म्हणालास आणि चहा न पिता घरी आलास, आठवतं? आता त्यांनाच जवळचं दिसत नाही. मी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर धरून काय दिसतंय ते सांगतो. ते लेन्स सांगतात, उजेड कुठून होता ते सांगतात, पुढच्या फ्रेममध्ये कोणी मान वळवली तेही. आपल्याला वाटायचं म्हातारा एकदाच बटण दाबतो. कसलं काय! रोलला बारा फ्रेम, त्यातल्या अकरा वाट बघण्यात गेलेल्या. अख्ख्या रोलचे बारीक प्रिंट असलेल्या एका कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीने एका फ्रेमला चौकोन, तो खोडून शेजारचीला, तोही खोडलेला. उगाच नाही कधी शीट दाखवली.

मागच्या रविवारी कपाटातला सगळ्यात खालचा डबा उघडला आणि नाकात व्हिनेगर गेलं. फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस, म्हणजे खालचं प्लास्टिक, कुजतोय. त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, डब्यात कोंडतं आणि कुजणं आणखी वाढवतं. फिल्म आकसते, चित्र धरणारं वरचं इमल्शन सुटून गोळा होतं. काही पट्ट्यांवर नखाला सुरकुत्या लागल्या.

"वास येतोय का?" आप्पांनी विचारलं. त्यांचं नाक कधीच गेलंय.

मी म्हणालो, "स्टॉप बाथचा असेल, कपाटात मुरलेला." अ‍ॅसिड डेव्हलपिंग थांबवायच्या त्या पाण्यातही तेच ना, त्यामुळे थाप बेमालूम बसली. "मग ठेव जागेवर," म्हणाले. थोड्या वेळाने होमाई व्यारावालांचा, देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफरचा, विषय काढला. बाईंनी 1970 मध्ये कॅमेरा ठेवला तो ठेवलाच, पण कामाची सोय लावली, दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे दिलं. "माझं तू बघशील," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

आता तुला एक सांगायचंय. स्नेहसंमेलनाचा तुझा रोल जुन्या स्टॉकमुळे गेला नव्हता. मी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधीच ते पक्कं करणारा हायपो ओतला. फिल्म काचेसारखी कोरी निघाली, कडेचे आकडेसुद्धा नव्हते. जुनी फिल्म काळवंडते रे, कोरी नाही होत! तेव्हाच ओळखायला हवं होतंस. दुकानदाराशी भांडत बसलास आणि मी तुझ्या बाजूने भांडलो. म्हणून हे तुलाच लिहितोय. मी खोटं किती सफाईने बोलतो ते तुझ्याइतकं कोणी भोगलेलं नाही.

थंड, कोरड्या जागी ठेवलं तर कुजणं मंदावतं, झालेलं भरून येत नाही. ज्या पट्ट्या अजून सपाट आहेत त्या लगेच स्कॅन करायला हव्यात. तुझा स्कॅनर चालू आहे ना? आणि आप्पांना सांगायचं कोणी? मी तोंड उघडलं की पुन्हा स्टॉप बाथच निघेल. तू सांग. तुला तर एकदा हाकललेलंच आहे.

मुलीला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचं काय झालं?

रविवारच्या आत कळव. डबा जागेवर नाहीये. इतर डब्यांना लागण नको म्हणून न विचारता पिशवीत घालून घरी आणलाय, आणि आप्पा हल्ली कपाटात हात घालून डबे मोजतात.

तुझा,
बाळ्या