'तर आणि तरच'मधली गाळलेली अट

संपादक महोदय,

एम.एस्सी. आणि नेट-सेटच्या तयारीसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात फंक्शनल ॲनालिसिसच्या ज्या नोट्स मिळतात, त्यांतल्या काहींत एक विधान चौकटीत दिलेले असते: हिल्बर्ट अवकाशावरील विकलनशील फंक्शनलचा ग्रेडियंट कॉम्पॅक्ट असेल तर आणि तरच ते फंक्शनल दुर्बल सतत असते. (हिल्बर्ट अवकाश म्हणजे इनर प्रॉडक्ट, अर्थात सदिशांचा अदिश गुणाकार, असलेला पूर्ण सदिश अवकाश. फंक्शनल त्यातल्या प्रत्येक बिंदूला एक संख्या देते, आणि ग्रेडियंट हा त्याचा सदिशरूप विकलज. सीमित संचावरच्या ग्रेडियंटच्या किमतींतून नेहमी अभिसारी उपक्रमिका निघत असेल, तर तो कॉम्पॅक्ट. क्रमिकेचा प्रत्येक ठरावीक सदिशाशी इनर प्रॉडक्ट अभिसरत असेल, तर ती दुर्बल अभिसारी; अशा क्रमिकेवर फंक्शनलच्या किमतीही अभिसरत असतील, तर ते दुर्बल सतत.) यातला 'तर', म्हणजे ग्रेडियंट कॉम्पॅक्ट असल्यास फंक्शनल दुर्बल सतत, हा भाग खरा आहे. 'तरच', म्हणजे याची उलट बाजू, मात्र एक अट घातल्याशिवाय खोटा ठरतो, आणि विद्यार्थी तो तसाच पाठ करतात.

'तर'ची सिद्धता चार ओळींची आहे. दुर्बल अभिसारी क्रमिका सीमित असते. मध्यमूल्य प्रमेयानुसार फंक्शनलच्या किमतींतला फरक म्हणजे मधल्या बिंदूवरचा ग्रेडियंट आणि बिंदूंमधला फरक यांचा इनर प्रॉडक्ट. कॉम्पॅक्टनेसमुळे ग्रेडियंटची उपक्रमिका प्रबळ अर्थाने (लांबीच्या मापाने) अभिसरते, दुसरा घटक दुर्बल अर्थाने शून्याकडे जातो, म्हणून गुणाकारही शून्याकडे जातो. नॉर्मच्या (सदिशाच्या लांबीच्या) वर्गाला हे लागू नाही: त्याचा ग्रेडियंट बिंदूच्या दुप्पट, म्हणजे कॉम्पॅक्ट नव्हे. एकक लंब सदिश दुर्बल अर्थाने शून्याकडे जातात, किंमत मात्र १ वरच राहते.

आता 'तरच'. घटकांच्या वर्गांची बेरीज सांत असलेल्या क्रमिकांचा अवकाश घ्या. न ही घटकाची क्रमसंख्या; न-वा घटक क्ष असेल तर ग्रेडियंटचा न-वा घटक क्ष × कोसाइन (न × क्ष) ठेवा. हा ग्रेडियंट सर्वत्र सतत आहे. शून्यावर शून्य किंमत असलेले त्याचे फंक्शनल घेतले, तर न-व्या पदाची किंमत क्ष/न आणि २/न² यांच्या बेरजेपेक्षा मोठी होत नाही (क्ष चिन्ह सोडून). म्हणजे सीमित संचावर शेपूट (मोठ्या न च्या पदांची बेरीज) एकसमान लहान राहते आणि फंक्शनल दुर्बल क्रमिक सतत ठरते. पण बाकी घटक शून्य ठेवून फक्त न-वा घटक १ च्या जवळ, न ने गुणल्यावर २ पायच्या पूर्ण पटीत येईल असा निवडला, तर ग्रेडियंटची लांबी जवळपास १ राहते आणि दिशा प्रत्येक न साठी नवी. त्यातून अभिसारी उपक्रमिका निघत नाही.

बिघडते कुठे, तेही इथेच दिसते. बिंदू पाय/न इतकाच सरकवला की कोसाइनचे चिन्ह उलटते आणि ग्रेडियंट जवळपास २ ने उडी मारतो. ग्रेडियंट सीमित संचांवर एकसमान सतत असावा, हीच ती गाळलेली अट. ती घातली की 'तरच' सिद्ध होतो.

'दुर्बल सतत' म्हणजे क्रमिकांपुरते की दुर्बल टोपॉलॉजीत (जिथे बिंदूचा परिसर सांत संख्येच्या इनर प्रॉडक्टवरच्या बंधनांनी ठरतो), हेही नोट्सनी सांगायला हवे. न-व्या घटकाचा वर्ग भागिले न, यांच्या बेरजेचा ग्रेडियंट कॉम्पॅक्ट आहे. फंक्शनल क्रमिकांपुरते सतत आहे. तरी संपूर्ण अवकाशावर दुर्बल टोपॉलॉजीत ते सतत नाही, कारण शून्याच्या प्रत्येक दुर्बल परिसरात एक अनंतमितीय उपअवकाश असतो आणि त्यावर ही बेरीज हवी तितकी वाढते.

नोट्स छापणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ही अट आणि कोसाइनचे उदाहरण शेजारी-शेजारी द्यावे, ही कळकळीची विनंती. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही 'अट काढून टाकल्यास प्रतिउदाहरण द्या' असा प्रश्न जरूर घालावा.

– फंक्शनल ॲनालिसिसचे काही अध्यापक, पुणे