एकूण फॉस्फरस तेवढाच, पण पिल्ले लंगडी : स्टार्टर खाद्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या ब्रॉयलर स्टार्टरचा (मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांच्या खाद्याचा) नवा लॉट मी एका शेडला लावला. दुसऱ्या शेडला जुन्या लॉटची शिल्लक पोती चालू होती. पिल्ले एकाच हॅचची, पाणी तेच, लिटर (खाली अंथरलेला भुसा) तेच. बाराव्या दिवशी नव्या लॉटच्या शेडमधली पिल्ले गुडघ्यांवर बसू लागली. हुसकावले तर पंख पसरून तोल सावरत दोन पावले टाकतात, की पुन्हा बसतात. मेलेल्या पिल्लाची चोच अंगठ्याने दाबली तर रबरासारखी वाकते. तंगडीचे हाड कटकन मोडायच्या ऐवजी लवते. डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम करून मुडदूस सांगितला, म्हणजे फॉस्फरस, कॅल्शियम किंवा जीवनसत्त्व डी३ कमी पडून हाडे मऊ राहणे. जुन्या लॉटच्या शेडमध्ये असे एकही पिल्लू नाही.

आपल्या प्रतिनिधींना फोन केला. म्हणाले, "पोत्यावर ०.६५ टक्के फॉस्फरस लिहिलाय, कमी कसा पडेल? पाण्यातून कॅल्शियम सुरू करा." चार दिवस दिले. लंगडी पिल्ले वाढलीच.

मग दोन्ही पोती शेजारी ठेवून लेबले वाचली. एकूण फॉस्फरस दोन्हींवर ०.६५, डी३ही सारखेच. घटकांत मात्र जुन्या पोत्यावर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस देणारे खनिज) आहे. नव्यावर ते नाही, राईस पॉलिश (तांदूळ पॉलिश करताना निघणारा बारीक कोंडा) आणि फायटेज (फायटेटमधला फॉस्फरस सुटा करणारे एन्झाइम) आहे. म्हणजे आकडा जुळवला, पण तो पक्ष्याच्या अंगी लागणारा नाही. मका, सोयाबीन पेंड यांतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे दाण्यातल्या फॉस्फरस साठवणाऱ्या संयुगात, अडकलेला असतो. पॉलिशमध्ये तर त्याहून जास्त. फायटेटच्या एका रेणूत फॉस्फेटचे सहा गट असतात. ते सुटे झाल्याशिवाय लहान आतड्यातून रक्तात जात नाहीत, आणि सुटे करणारे एन्झाइम कोंबडीच्या पोटात नावापुरतेच. गाईम्हशींचे बरे असते, त्यांच्या पोटातले जिवाणू हे काम करून देतात. या हिशेबाने ०.६५ मधला जेमतेम ०.२२ टक्के पिल्लाच्या वाट्याला येतो. पहिल्या तीन आठवड्यांची शिफारस अशा अंगी लागणाऱ्या, म्हणजे उपलब्ध फॉस्फरसच्या ०.४५ टक्क्यांची आहे.

आपला भरवसा फायटेजवर होता, हे कळते. पण आपले खाद्य पेलेट करून (वाफेत दाबून गोळ्या करून) मग क्रंबल केलेले (भरडलेले) आहे. कोटिंग नसलेले फायटेज ८०–८५ अंशांच्या वाफेत बरेचसे निकामी होते. कोटिंगवाले वापरले होते, की पेलेट गार झाल्यावर फवारले होते? लेबलवर फक्त "फायटेजयुक्त" एवढेच छापले आहे.

आणि तो कॅल्शियमचा सल्ला! जास्तीचे कॅल्शियम फायटेटला चिकटून न विरघळणारा साका करते, मग उरलेसुरले फायटेजही तिथे पोहोचत नाही. आधीच फॉस्फरस कमी, त्यावर हे. हा सल्ला देणाऱ्याला निदान एवढे माहीत असायला हवे होते.

या लॉटचा उपलब्ध फॉस्फरस किती, हे मला लेखी कळवावे. फायटेजची तपासणी पेलेट झालेल्या मालावर करून एफटीयूचा (फायटेजची ताकद मोजायच्या एककाचा) आकडा द्यावा. मिक्सरमध्ये किती टाकले ते सांगू नये. उरलेली पोती बदलून द्यावीत आणि मेलेल्या व लंगड्या पक्ष्यांची भरपाई करावी. रोजच्या मरतुकीची नोंद आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल सोबत जोडला आहे.

तीन पोती अजून शिलाई न उसवता ठेवली आहेत. नमुना माझ्यासमोर काढावा.

आपला,
एक जुना ग्राहक