धमनी उघडली, पण स्नायू जिवंत आहे का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यांची कॉन्ट्रास्ट इको तपासणी (सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध देऊन हृदयाच्या स्नायूत रक्त पोचते का, हे पाहणारी सोनोग्राफी) चतुर्थी आटोपताच होईल, असा शब्द आम्हांला एका इस्पितळात मिळाला होता. काल त्याच इस्पितळाच्या खिडकीवर "त्याचे औषध आलेले नाही, फाईल चालू आहे" एवढे ऐकून आम्ही गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात परतलो, म्हणून हे पत्र.

आधी जे देणे लागते ते देते. हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार देणाऱ्या स्टेमी गोवा योजनेमुळे जवळच्याच केंद्रात ईसीजी निघाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वेळेत मिळाले आणि पुढे अँजिओप्लास्टीही झाली. धमनी उघडली म्हणून सर्वांनी आमचे अभिनंदन केले. त्यानंतरच्या साध्या इकोत मात्र ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर फेकते त्या रक्ताचे प्रमाण, जेमतेम ३० टक्के निघाला, आणि हृदयाचा न हलणारा भाग मेला आहे की नुसता सुन्न पडला आहे, याचे उत्तर कोणीच दिले नाही. "वाट बघा" हा सल्ला मिळाला. आमचे पोट कुळागरावर, म्हणजे पोफळीच्या बागेवर आहे. पोफळीवर चढणारा माणूस आज न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा भिंत धरतो आणि रात्री तीन उशांवर टेकून झोपतो. कुळागर दुसऱ्याला कसायला द्यावे की थांबावे, हे मी कोणाला विचारू?

मोठी धमनी उघडली तरी तिच्यापुढच्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्त पोचतेच असे नाही. जपानी डॉक्टरांनी १९९२ मध्येच दाखवले होते की, धमनी उघडलेल्या चार रुग्णांपैकी जवळजवळ एकाच्या स्नायूत रक्त शिरत नव्हते, आणि अशांचे हृदय पुढे फारसे सावरले नाही. (आकडा माझ्या वाचनातला आहे, आपल्या खात्याने पडताळावा, तेवढे तरी काम होईल.) त्यांनी बुडबुडे थेट हृदयाच्या धमनीत सोडले होते, आता ते हाताच्या शिरेतून देता येतात. लाल रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान असे हे वायूचे बुडबुडे ध्वनिलहरींच्या जोरदार झटक्याने फोडतात आणि स्नायूत ते पुन्हा किती वेगाने भरतात ते पाहतात. जिथे भरतात तो भाग काही आठवड्यांत सावरण्याची आशा असते; जिथे काळोखच राहतो तिथे ती फार थोडी. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, मूत्रपिंडावर भार नाही, आणि ती रुग्णाच्या खाटेशीच करता येते.

इकोचे यंत्र आहे, महोदय, या औषधाची बाटली नाही. यंत्राला फीत बांधून ती कापता येते, फोटो छापून येतो. बाटलीचे उद्‌घाटन कोण करणार? आपली सारी आरोग्यव्यवस्था अशीच खरेदीत शूर आणि वापरात अनाथ आहे. उद्या औषध आले तर ते वापरायला शिकलेला माणूस बदलीवर गेलेला असेल.

निदान अँजिओप्लास्टी होते तिथे तरी हे औषध कायम ठेवावे, दोन माणसांना ही तपासणी नीट शिकवावी आणि तिचा निष्कर्ष घरी जाताना रुग्णाच्या हाती लेखी द्यावा. तारखेसह उत्तर अपेक्षित आहे. "फाईल चालू आहे" हे वाक्य आम्ही ऐकून चुकलो आहोत.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त शिक्षिका