गोडा नैवेद्य, खारा नैवेद्य आणि जर्दाळू

खानापूर,
जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी खाऱ्या नैवेद्याच्या पंगतीत माझ्या भाचीने केलेल्या मटणात जर्दाळू दिसताच तू वाटी बाजूला सारलीस आणि ‘फळ जेवण झाल्यावर हातात घेऊन खायचे असते, रश्शात बुडवायचे नसते’ असे म्हणालास. पत्रातही तू तेच, आणखी ठामपणे लिहिले आहेस. पोरीने त्या दिवशी काही बोलून दाखवले नाही, पण सकाळपासून मोठ्या पातेल्याशेजारी तिने ते लहान पातेले किती जपून शिजवले होते हे मी पाहिले होते आणि संध्याकाळी ते अर्धेअधिक भरलेले परत आत गेले, तेही पाहिले. म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे. आपली पन्नास वर्षांची मैत्री एवढे वाचण्याइतकी जुनी आहे.

आधी एक मुद्दा मी स्वतःच सोडून देतो. टोमॅटो, मिरची, नारळ ही शास्त्राप्रमाणे फळेच आहेत आणि तुमच्या निपाणीच्या तांबड्या रश्शात संकेश्वरी मिरचीवाचून पान हलत नाही, तेव्हा तूही मटणात फळ खातोसच, असे तुला म्हणता आले असते. पण तो निव्वळ वितंडवाद झाला असता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1893 साली टोमॅटोवरच्या जकातीचा खटला आला होता, तेव्हा न्यायालयाने वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवून, लोक ज्याला रोजच्या बोलण्यात भाजी म्हणतात ती भाजी, असाच निवाडा दिला. मला तो पटतो. फळ म्हणजे स्वयंपाकघरात ज्याला फळ म्हणतात ते, एवढे धरूनच पुढे बोलू.

तसे धरले तरी आंबट फळाला आपल्याकडे कोणी कधी हरकत घेतली आहे? उन्हाळ्यात सुकटीत कैरीच्या फोडी पडतात, पावसाळ्यात घाटाखालच्या घरांत माशांच्या कालवणात अंबाडे पडतात, आमसुलावाचून तर त्या लोकांचे कालवणच होत नाही. तुझ्या ताटात मटणाशेजारी लिंबाची फोड नसली तर तू हात आखडून बसतोस, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आपल्याच राज्यात खाली कोडगूमध्ये डुकराच्या मटणाला जो काळा आंबटपणा असतो, तो कचंपुळीचा. आमसुलाच्या कुळातल्याच एका फळाचा रस आटवून ती करतात. आणि हे आजकालचे फॅड म्हणशील, तर चरकसंहितेत डाळिंबाच्या रसाने आंबट केलेल्या मांसरसाचे उल्लेख आहेत. चरबी जिभेवर चढून बसते, आंबट रस ती कापतो आणि पुढच्या घासाला जीभ मोकळी होते. हे काम चिंचेने केले काय, कैरीने केले काय किंवा डाळिंबाने केले काय, मटणाला त्याचे काही वाटत नाही.

तेव्हा तुझी खरी अडचण फळाची नाही, गोडाची आहे. आणि ती कुठून आली आहे, याचा मी गेले आठ दिवस विचार करतो आहे. आपल्या जत्रेत पहिला दिवस गोड्या नैवेद्याचा, पोळ्यांचा असतो आणि दुसरा खाऱ्या नैवेद्याचा. पोळीच्या दिवशी घरात मटण शिरत नाही आणि मटणाच्या दिवशी कोणी पुरण घाटत नाही. तुझी आई तर चुलीवरची भांडीसुद्धा वेगळी ठेवीत असे. गोड आणि खारे यांच्यामध्ये आपल्या पिढीला एक अख्खी रात्र दिसते. मग एका वाटीत दोन्ही दिवस एकदम आले की मन दचकते. या दचकण्याला मी नावे ठेवीत नाही, कारण ते माझ्याही मनात आहे. पण देवापुढची ती शिस्त देवापुढे ठेवावी. कटाच्या आमटीत गुळाचा खडा टाकून आपण पोळीबरोबर वाट्यामागून वाट्या रिचवतोच की. रमजान ईदला आपण ज्या घरी दर वर्षी जायचो, तिथल्या बिर्याणीतले तळलेले बेदाणे तू आधी वेचून खायचास. तेव्हा तुला गोडाचा विटाळ झाला नव्हता.

आता त्या जर्दाळूंविषयी. भाचीने हा पदार्थ पुण्यात तिच्या एका पारशी मैत्रिणीच्या घरी पाहिला. जर्दाळू सली बोटी म्हणतात त्याला. बोटी म्हणजे मटणाचे तुकडे आणि सली म्हणजे वर पसरलेली बटाट्याची कुरकुरीत तळलेली काडी. हे लोक मुळात इराणातून आलेले आणि इराणात फळे घालून मांस शिजवण्याची रीत फार जुनी आहे. तिथे अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस घालून बदक किंवा कोंबडी तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात, त्या पदार्थाला फेसेंजान म्हणतात. गेल्या रविवारी मी पोरीला तेच मटण पुन्हा करायला सांगितले आणि पूर्ण वेळ शेजारी पाट टाकून बसलो. तिने जर्दाळू कोमट पाण्यात तासभर भिजवले. मटण कांदा, आले, लसूण आणि गरम मसाल्यात पूर्ण शिजल्यावर, अगदी शेवटच्या दहा मिनिटांसाठी, ते भिजवलेल्या पाण्यासकट आत सोडले आणि वरून एक चमचा व्हिनेगर घातले. मी विचारले, गोडात हे कशाला? ती म्हणाली, मामा, हे नसेल तर जेवणाचा शिरा होईल. झाकण काढले तेव्हा तवंग बाजूला सरून रस्सा दाट, तांबूस झाला होता आणि जर्दाळू फुगून बोटीएवढे झाले होते, पण एकही फुटले नव्हते. पहिल्या घासाला आधी तिखट लागले, मग मीठ, आणि चावता चावता शेवटी ती आंबटगोड चव आली. ती मटणावर चढली नाही, मटणाच्या मागून आली. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. जत्रेच्या दिवशी तू एक घास तरी घ्यायला हवा होतास, असे मला त्या वेळी फार वाटले.

मात्र सगळी फळे सारखी नसतात, हे मी माझ्या हाताने मटण बिघडवून शिकलो आहे. मागच्या वर्षी कोणी सांगितले म्हणून मी किलोभर मटणाला ताजा अननस किसून लावला आणि ते रात्रभर तसेच ठेवले. सकाळी हात घातला तर वरचा थर पिठल्यासारखा बोटांना चिकटला, आणि शिजवल्यावर आतला तुकडा घट्ट तर बाहेर नुसता लगदा, असे झाले. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते. ते मांसातली प्रथिने तोडते आणि त्याला रात्रभराची मुभा दिली तर थांबायचे कुठे हे त्याला कळत नाही. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हेच काम करते, पण ते वापरायची रीत आपल्याकडे लोकांना ठाऊक आहे: जून बोकड असेल तर सालासकट वाटलेली पपई चमचा-दोन चमचे, तासाभरासाठी, त्याहून अधिक नाही. परसातल्या पपईचा हा उपयोग सौ. नेहमी करते, आणि तू आमच्याकडे ज्या लुसलुशीत मटणाची इतकी वर्षे स्तुती करत आलास, त्यात ती पपई होतीच.

तुझ्याशी मी जिथे सहमत आहे, तेही लिहितो. बेळगावात एका लग्नाच्या जेवणात मी कोंबडीच्या पांढऱ्या, सायीच्या रश्शात डब्यातल्या अननसाच्या चकत्या आणि लाल चेरी तरंगताना पाहिल्या. पाकातले ते फळ, त्यावर साय, आणि आंबट म्हणावे असे त्यात काही नाही. ते मी खाऊ शकलो नाही. पिझ्झावर अननस घालण्यावरून तरुण पोरे जे भांडतात, त्याचेही मूळ मला इथेच दिसते. सॅम पॅनोपुलोस या गृहस्थाने 1962 साली कॅनडात तो पहिल्यांदा केला, तोही डब्यातलाच अननस घालून, आणि 2017 साली आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्याला जमले तर त्यावर बंदी घालू असे म्हटल्यावर जगभर गदारोळ झाला. पिझ्झा मला कळत नाही, त्यामुळे त्यात मी पडत नाही. मटणापुरते माझे म्हणणे एवढेच आहे की गोड फळाला आंबटाची आणि तिखटाची जोड हवी आणि ते शेवटी पडायला हवे. ही अट भाचीने पाळली होती, त्या लग्नातल्या आचाऱ्याने पाळली नव्हती. तू दोघांना एकाच मापाने मोजलेस, ही माझी तक्रार आहे.

तुला आणखी एक विनंती आहे. पोरगी पुढच्या महिन्यापर्यंत इथेच आहे. कुठल्याही रविवारी निपाणीहून सकाळची एसटी धर. मी दोन पातेली लावीन. एकात तुमच्या पद्धतीचा तांबडा रस्सा असेल, त्यात फळाचा तुकडाही नसेल आणि तो मी स्वतः करीन. दुसरे पातेले तिचे. आधी माझ्यातले जेव आणि मग तिच्यातला एकच घास घे. नाही आवडले तर तसे तिलाच सांग, कारण का आवडले नाही हे ऐकायची तिची तयारी आहे. न चाखता सारलेल्या वाटीचे तिला वाईट वाटले आहे. जर्दाळूंची उरलेली पुडी तिने डब्यात बांधून ठेवली आहे. येताना वहिनींच्या हातची कांदा-लसूण चटणी मात्र आण, आमची संपली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र