लाल फुलीशेजारची पेन्सिलची खूण

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर आले की "आधी पोहे घ्या" म्हणत तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

नववीच्या चाचणीत प्रश्न होता, आपल्या इंदूरचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं? लेकीनं लिहिलं, बंगालच्या उपसागराला. त्यावर भलीमोठी लाल फुली, 'नर्मदा अरब सागर में गिरती है' असा शेरा, आणि वर्गात उत्तर वाचून दाखवून हशा. पोरीनं त्या दिवसापासून भूगोलाचं पुस्तक उघडलं नाही. मी शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, "सोशल ही तो है, रट लेगी." कोचिंगवाल्यांनी तर नोट्सचा गठ्ठा हातात ठेवला आणि फी आधी मागितली.

तुम्ही पेपर घेतलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "थांब, मलाही बघू दे." जन्मभर हेच शिकवलेला माणूस! पण खरंच उठलात, कपाटातून ॲटलास काढलात आणि तिलाच बोट ठेवायला लावलंत. आपल्या इंदूरची कान्ह नदी क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. वाटेत क्षिप्राकाठी महिदपूर लागलं तसे थांबलात. 21 डिसेंबर 1817, होळकरांची फौज इथे इंग्रजांपुढे हरली. तिथून जरा वर डावीकडे मंदसौर, 6 जानेवारी 1818चा तह. मग राजधानी इंदूरला आली. मधे फक्त सोळा दिवस! या दोन्ही तारखा मी शाळेत घोकल्या होत्या, पण शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

आणि मग तुमचं ते हसू. "अगं, नळाला येते ती नर्मदाच, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपानं वर चढवलेली. तिनं भांडी घासली आणि पाणी नाल्यात गेलं, की निघाली गंगेकडे. बाईंच्या डोक्यात नळ असेल, तुझ्या डोक्यात नाला." बाईंनाही सांभाळून घेतलंत. मला नाही बाई इतकं उदार होता येत.

पण मला विसरता येत नाही ते त्यानंतरचं. तुम्ही लाल फुली खोडली नाहीत. तिच्या शेजारी पेन्सिलनं एक छोटीशी बरोबरची खूण केलीत, खाली सही आणि तारीख घातलीत, आणि पेपर मला नाही, तिच्या हातात दिलात. दोन्ही हातांनी. घरी येईपर्यंत तिनं तो दप्तरात ठेवला नाही, धरूनच बसली होती स्कूटरवर.

गुण काही वाढले नाहीत, आम्ही मागायलाही गेलो नाही. आमच्या गावात स्वच्छतेची बक्षिसं मोजतात, अशी माणसं कुणी मोजत नाही, एवढंच वाईट वाटतं.

तुमचा ॲटलास अजून आमच्याकडेच आहे. कव्हर घालून रविवारी आणून देणार होते, पण ती म्हणते, "आजोबांनी मागितलाय का? मग घाई काय!" सध्या तिचं बोट तापीवर आहे.

तुमची,
एक आई