आई-बाबा, नोकरी बदललीय

उद्यमबाग, बेळगाव
रविवार दुपार

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसतं ‘हं’ म्हणाले असते, म्हणून लिहितोय. फाउंड्रीतली नोकरी मी सोडली. महिना झाला. दुसरी लागलीय, घाबरू नका. इथेच उद्यमबागेत, छोटं मशीन शॉप आहे, हिशेब बघायचे. पगार मात्र ६२ हजारांवरून ३८ वर आलाय.

स्क्रॅपची गाडी काट्यावर ८ टन भरायची, बिल यायचं ९ टनाचं, आणि खाली खरेदीवाला म्हणून माझी सही. दोनदा केली मी. तुमच्यापासून काय लपवू? तिसऱ्या वेळी माझ्याही टेबलावर पाकीट आलं. परत दिलं तर म्हणाले, सगळेच घेतात की.

बाबा, रविवारी दुपारी तुम्ही चर्चचं दान मोजायला बसायचा ते आठवलं. चटईवर नाण्यांचे ढीग लागायच्या आधी स्वतःचं पाकीट काढून फळीवर ठेवायचा, न विसरता. माझ्या सहलीचे पंधरा रुपये भरायचे राहिले होते, मी त्या ढिगाकडे बघून रडत होतो, तरी तुम्ही हललाही नाहीत. संध्याकाळी आईने अंडी विकून दिले. तेव्हा फार राग आला होता. वर तुमचं ठरलेलं वाक्य: १९०४ साली लंडन मिशनने बेळगावचं काम मेथडिस्टांना दिलं, मिशनं येतील-जातील, वहीतली रक्कम जुळली पाहिजे.

बायबलात लूकाच्या शुभवर्तमानातला तो अन्यायी कारभारी आठवतो? मालकाचं देणं शंभर बुधले तेल, आणि देणेकऱ्याला वहीत पन्नास मांडायला लावतो. मालकाने त्याला शाबासकी का दिली, म्हणून मी तुम्हाला छळलं होतं. तुम्ही म्हणालात, शाबासकी हुशारीला होती, सहीला नव्हती. मला ते तीस वर्षांनी कळलं बघा.

आता घराचं. स्लॅब यंदा होत नाही. आई, तू शेजारणीला सांगून मोकळी झाली असशील, मला माहितीय, चुकलंच माझं. पण बाकी काही अडणार नाही. शुगरच्या गोळ्या, दूध, गॅस, लाइट बिल सगळं मीच भरणार. चर्चला द्यायचा दशमांशही, पगाराचा दहावा भाग, ३,८०० बाजूला काढलाय, त्याची चौकशी नको. सूनबाईला पटलंय. म्हणजे, दोन दिवस बोलली नाही, मग पटलं.

पावसाच्या आत मी येऊन कौलं बदलून देतो. खानापूरचा पाऊस मला माहितीय. बाबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. आई, ती शिडी उचलून काकांच्या परड्यात ठेवून टाक, आजच. सकाळचं इंजेक्शन घेतल्यावर लगेच खायचं, प्रार्थना लांबली तरी. देव थांबतो, शुगर थांबत नाही.

बाबा, रागावला असाल तर रागवा. फक्त ‘हं’ म्हणू नका.

तुमचा,
बाळू

ता.क. पुढच्या रविवारी दोघं या. कर्नाटकात बायकांना लाल बस फुकट, म्हणून आईला तिकीट पडत नाही, आधार कार्ड तेवढं घे. बाबांचं मी काढतो. आणि कुंदा-बिंदा, गोड काही आणून ठेवणार नाहीये, तशी आशा धरू नका.